दिवे घाटात पिशवी कमी पडली तेव्हा: एका दिंडीच्या प्रथमोपचाराचा हिशेब

ज्येष्ठ वद्य एकादशीला ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याहून सासवडला निघते. तीसेक किलोमीटरची चाल, वडकी नाल्याचा विसावा झाला की दिवे घाटाची चढण आणि त्यात बहुतेकांचा उपास. पाऊस लागला असेल तर निभावते. नसेल तर घाटात दुपारी डांबर खालून आणि ऊन वरून भाजते. दिंडीची प्रथमोपचार पिशवी बरोबर भरली आहे की नुसतीच भरली आहे, हे याच दिवशी कळते.

इथे मांडलेली दिंडी नमुन्याची आहे. दरवर्षी वेगवेगळ्या दिंड्यांत दिसणाऱ्या गोष्टी एका दिवसात गोवल्या आहेत आणि आकडे हिशेबासाठी धरले आहेत. माणसे १८०, त्यातली निम्मी साठीच्या आसपासची किंवा पुढची. आळंदी ते पंढरपूर अठराएक दिवस. सामानाचा एक ट्रक, पाण्याचा एक टँकर. दिंडीत डॉक्टर नाही. एक निवृत्त परिचारिका आणि चार तरुण सेवेकरी आहेत.

काय होते आणि कुठे होते

ओळखीच्या औषध दुकानदाराने सेवा म्हणून सामान दिले होते आणि ते थोडेथोडके नव्हते. कापसाचा मोठा गुंडाळा, आयोडीनच्या दोन बाटल्या, चिकटपट्ट्यांचे दोन खोके, बामच्या बारा बाटल्या, डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्यांची वीस पाकिटे, ओआरएसची पन्नास पुडकी, दोन क्रेप बँडेज, जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या, थर्मामीटर. हे सगळे पत्र्याच्या पेटीत, पेटी ट्रकमध्ये आणि ट्रक पहाटेच सासवडला गेलेला, कारण दिंडी पोहोचायच्या आत तळावर पाल ठोकायची असते. चालणाऱ्यांबरोबर एका सेवेकऱ्याच्या शबनममध्ये थोडा कापूस, बाम, एक आयोडीन आणि ओआरएसची पाच पुडकी एवढेच.

दुपारी तीनच्या सुमारास घाटाच्या मध्यावर एका टाळकऱ्याचा ठेका चुकू लागला. वय ६२, मधुमेह दहा वर्षांचा. सकाळी साडेसहाला रोजची गोळी घेतलेली, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली. उपास म्हणून बिनसाखरेचा चहा, मूठभर शेंगदाणे आणि नऊ वाजता एक केळे. त्यानंतर नुसते पाणी. शेजारच्याला वाटले, दमले असतील. मग अभंगाचे शब्द मागेपुढे होऊ लागले, हात थरथरायला लागले, सदरा घामाने निथळला. "माउली, बसा जरा," म्हटल्यावर त्यांनी भलतेच उत्तर दिले आणि कठड्याला टेकून खाली बसले.

"ऊन लागलं" हे निदान लगेच झाले. तोंडावर पाणी मारले, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. सेवेकऱ्याने ओआरएसचे एक लिटरचे अख्खे पुडके अर्ध्या पेल्यात कालवून पाजले. ते उलटून पडले. फोन लागेनात, लाखोंच्या गर्दीत त्या टापूत नेटवर्क असे कोलमडतेच. शेवटी मागच्या दिंडीतल्या एका तुळसवाल्या बाईंनी स्वतःजवळची साखर काढली. पेलाभर पाण्यात चार चमचे घालून घोट घोट पाजल्यावर पंधरा-वीस मिनिटांत माणूस ठिकाणावर आला, उठला, "आता बरं वाटतंय" म्हणाला आणि टाळ घेऊन चालू लागला.

रात्री आठला राहुटीत ते पुन्हा गुंगीत सापडले. या वेळी गिळता येत नव्हते. रुग्णवाहिकेने सासवडच्या रुग्णालयात नेले, शिरेतून ग्लुकोज द्यावे लागले आणि दीड दिवस ठेवून घेतले.

चुकले ते कुठे

पहिली गोष्ट सगळ्यांना दिसते: पेटी ट्रकमध्ये होती. पण पेटी घाटात असती तरी फार फरक पडला नसता, कारण त्या टाळकऱ्याच्या रक्तातली साखर उतरली होती आणि पेटीत साखर नव्हती. ग्लुकोज पावडर नव्हती, रक्तातली साखर मोजायचे यंत्र नव्हते. १८० माणसांत मधुमेही किती, कुणाची गोळी कोणती, हे कुणी विचारलेच नव्हते. दुकानात जे सहज मिळते आणि द्यायला बरे वाटते ते पेटीत आले. चालणार कोण, हे बघून ती भरलीच नव्हती.

ओआरएसचा घोळ नीट समजून घ्यायला हवा. २०.५ ग्रॅमच्या प्रमाणित पुडक्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते, बाकी पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. हे सगळे एक लिटर पाण्यासाठी. नीट बनवलेल्या पेल्याभर, म्हणजे २०० मिलिलिटर ओआरएसमध्ये तीन ग्रॅमसुद्धा ग्लुकोज येत नाही. साखर उतरलेल्या माणसाला एका वेळी १५ ग्रॅम तरी लागते. म्हणजे नीट बनवले असते तरी ते या कामाला अपुरे होते. आणि अख्खे पुडके अर्ध्या पेल्यात घातले तर साखर जवळपास पुरेल, पण ते इतके खारट होते की पोट ते ठेवून घेत नाही. जुलाब झालेल्या माणसाला असे घट्ट ओआरएस पाजले तर तहान आणि कोरड उलट वाढते. पुडक्यांचे दोन आकार मिळतात, एक लिटरचे आणि पेल्याचे. दिंडीत फक्त लिटरचे ठेवावे आणि त्याबरोबर एक लिटरची खूण केलेली बाटली द्यावी. दोन्ही आकार मिसळले की गोंधळ ठरलेलाच.

दुसरी चूक रात्रीची. ग्लिमेपिराइडसारखी गोळी शरीरात बराच वेळ काम करत राहते. साखर पाजून माणूस उठला तरी काही तासांत ती पुन्हा उतरू शकते, वय जास्त असेल आणि मूत्रपिंड मंद असेल तर अधिकच. म्हणून अशा गोळीवर असलेल्या माणसाची साखर एकदा उतरली, की "बरं वाटतंय" हे उत्तर धरायचे नाही. साखर पाजून झाली की लगेच काहीतरी खायला द्यायचे, चालणे बंद करायचे आणि दवाखान्यात पोहोचवायचे. उपास मोडायचा नसेल तर उपासाचेच द्या. साबुदाण्याची खिचडी, रताळे, केळी यात कर्बोदके भरपूर असतात.

उपासाचाही एक पेच आहे. काही वारकरी एकादशीला साधे मीठ घेत नाहीत आणि त्यामुळे ओआरएस नाकारतात. घाटात हा वाद घालत बसता येत नाही. दशमीच्या रात्री पुण्याच्या मुक्कामी दिंडीप्रमुखांनी किंवा विणेकऱ्यांनीच सांगितले, की औषध म्हणून घेतलेले उपासाला चालते, तर लोक ऐकतात. सेवेकऱ्याने सांगितले तर ऐकत नाहीत. आणि गोळी कमी करायची की नाही हे सेवेकऱ्याने ठरवायचे नाही, निघण्याआधी प्रत्येक मधुमेह्याने आपल्या डॉक्टरला विचारून यायचे: "एकादशीला तीस किलोमीटर चालणार आहे, गोळी कशी घेऊ?"

एकाऐवजी तीन

नवी मांडणी तीन थरांची. पहिला थर प्रत्येक वारकऱ्याच्या खिशात, दुसरा चालणाऱ्या सेवेकऱ्याच्या पाठीवर, तिसरा ट्रकमध्ये.

खिशातल्या थरात प्लॅस्टिकची झिपची छोटी पिशवी. तिच्यात स्वतःच्या रोजच्या गोळ्या, ग्लुकोजची किंवा साखरेची एक पुडी आणि एक चिठ्ठी: नाव, वय, आजार, चालू औषधे, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, घरचा फोन. दम्याच्या माणसाचा पंप त्याच्याच खिशात, ट्रकमधल्या ट्रंकेत नाही. हा थर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी. मात्र आळंदीला निघण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येकाची चिठ्ठी डोळ्यांनी पाहावी लागते. "आहे, आहे" म्हणणाऱ्यांपैकी कित्येकांच्या गोळ्या थैलीत तळाशी आणि थैली ट्रकमध्ये असते.

दुसऱ्या थरात दोन सारख्या पाठपिशव्या. एक पताकांजवळ पुढे, एक तुळसवाल्यांच्या मागे शेवटाला. एकच पिशवी मधोमध ठेवण्याचा मोह होतो, पण घाटात रांग ताणली की मागचा माणूस पुढच्याला गाठू शकत नाही. मागून पुढे चढत यायला मात्र कुणालाच वेळ नसतो. वजन अडीच किलोच्या आत ठेवा. चार किलोची पिशवी सेवेकरी तिसऱ्या दिवशी ट्रकमध्ये टाकतो, आणि त्याची काही चूक नाही.

आतली मांडणी औषधांच्या प्रकारानुसार करू नका, त्रासानुसार करा. पारदर्शक झिपच्या पिशव्या, वर जाड अक्षरांत "साखर", "रक्त", "पाय", "पोट-ऊन", "छाती". पाच लेबले वाचता येणारा कुणीही योग्य पिशवी काढून देऊ शकतो.

"साखर" पिशवीत १०० ग्रॅम ग्लुकोज पावडर, एक मोजायचा चमचा, साखर मोजायचे यंत्र, पंचवीस पट्ट्या, टोचण्या. पट्ट्यांची डबी घट्ट बंद हवी. पावसाळी हवेत झाकण उघडे राहिले की पट्ट्या चुकीचे आकडे दाखवतात. ७० च्या खाली आकडा आला आणि माणूस गिळू शकत असेल तर तीन सपाट चमचे ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचे, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढेच. यंत्र नसेल किंवा चालत नसेल तर मोजण्यासाठी थांबू नका. मधुमेही माणूस घामाघूम होऊन बरळत असेल तर साखर पाजा. ती उगाच पाजली गेली तरी त्या घटकेला नुकसान फारसे नाही, न पाजल्याचे आहे. शुद्ध हरपली असेल, गिळत नसेल, तर तोंडात काहीही घालायचे नाही, पाणीसुद्धा. कुशीवर वळवायचे आणि १०८ ला, म्हणजे रुग्णवाहिकेला, फोन करायचा.

"रक्त" पिशवी हलकी, पण तिच्यावर कंजुषी नको. नोव्हेंबर २०१९ मध्ये, कार्तिकी वारीहून आळंदीकडे येणाऱ्या दिंडीत याच दिवे घाटात ब्रेक निकामी झालेला जेसीबी घुसला. संत नामदेवांचे वंशज सोपानमहाराज नामदास यांच्यासह दोघे गेले, अनेक जखमी झाले. पहाटेच्या अंधारात महामार्गावर चालणाऱ्या माणसांना चिकटपट्ट्यांचे खोके काय कामाचे? १० बाय १० सेंटिमीटरच्या निर्जंतुक जाळीच्या कापडाची, म्हणजे गॉजची, दहा पाकिटे, १० सेंटिमीटर रुंदीच्या सहा गुंडाळपट्ट्या, १५ सेंटिमीटरची दोन क्रेप बँडेज, हातमोजांच्या सहा जोड्या, बोथट टोकाची मजबूत कात्री. रक्त वाहत असेल तर गॉजचा गठ्ठा जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी दाबायचे, घड्याळ लावून दहा मिनिटे. मध्ये उचलून "थांबलं का?" बघायचे नाही, कारण धरू लागलेली गुठळी त्याच वेळी सुटते. भिजून वर आले तर काढू नका, वरून आणखी ठेवा. कापूस उघड्या जखमेवर ठेवायचाच नाही. त्याचे तंतू आत चिकटतात आणि रुग्णालयात ते एकेक करून उपसावे लागतात. हळद, चुना, चहापूड यांचेही तेच.

त्रिकोणी पट्ट्या विकत घेऊ नका. दिंडीत १८० उपरणी आणि तेवढेच फेटे, पदर आहेत. हात मोडला तर उपरण्याची झोळी, आधाराला घडी केलेला पुठ्ठा किंवा छत्री.

"छाती" पिशवीत अ‍ॅस्पिरिन, ३०० ते ३२५ मिलिग्रॅम मिळेल अशा सहा गोळ्या. छातीत दाबल्यासारखे होते, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाते, थंड घाम आहे, तर बसवायचे, १०८ ला फोन आणि अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्यायची. नुसती गिळली तर उशिरा लागू पडते. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल किंवा पोटातून रक्तस्राव झालेला असेल तर नाही. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट वाटायची नाही. ज्याला डॉक्टरांनी दिली आहे त्याने स्वतःची घ्यावी, आणि तीही बसून. उभ्याने घेतली तर रक्तदाब उतरून माणूस घाटातच कोसळतो.

पाय

वारीतली सर्वाधिक गर्दी इथे, म्हणून थोडे सविस्तर. फोड आल्यावर पट्टी लावणे म्हणजे उशीर. चालताना टाच किंवा चवड्याला चुरचुर लागली की विसाव्यावर लगेच पाय कोरडा करून कागदी चिकटपट्टी लावायची, सुरकुती न पडू देता. एका जागेला साधारण २५ सेंटिमीटर पट्टी लागते. नऊ मीटरच्या एका रिळात छत्तीस जागा होतात. पहिल्या चार दिवसांत साठ जणांच्या दोन्ही पायांना रोज लावावी लागली, तर ४८० जागा, म्हणजे चौदा रिळे. दुकानदाराने दिलेल्या सामानात एकही नव्हते. ओल्या पायावर ती चिकटत नाही, म्हणून प्रत्येक पाठपिशवीत एक सुती पंचा ठेवा.

छोटा फोड फोडू नका. मोठा, ताणलेला असेल आणि त्यावरच चालायचे असेल तर निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढा, वरची कातडी मात्र तशीच राहू द्या. तीच सर्वांत चांगली पट्टी. मधुमेह्याच्या पायाला मात्र सुई लावायचीच नाही. संवेदना कमी असल्याने त्याला फोड कळतही नाही, म्हणून त्यांचे तळवे रोज संध्याकाळी दुसऱ्याने बॅटरी लावून पाहायचे. मांड्या घासून सोलटतात त्याला पेट्रोलियम जेली सकाळीच. रात्री सोलटल्यावर बाम लावणारा माणूस दुसऱ्या दिवशी चालत नाही. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांना बुरशीचे मलम आणि कोरडे ठेवणे.

पोट आणि ऊन

ओआरएसचा हिशेब: दहापैकी एकाला, म्हणजे १८ जणांना तीन दिवस जुलाब आणि दिवसाला तीन लिटर धरले तर १६२ पुडकी. उन्हाच्या थकव्याला तेवढीच आणखी. ट्रकमध्ये ३००, प्रत्येक पाठपिशवीत दहा. कालवलेले चोवीस तासांनंतर फेकून द्या. "ओआरएस"सारखे दिसणारे गोड फळरसाचे डबे त्याच्या जागी चालत नाहीत. साखरेने जुलाब वाढतात. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या पेटीतून काढल्या. ताप किंवा शौचातून रक्त असताना त्या दिल्या तर आतला दोष आतच कोंडतो, आणि ते ओळखणे सेवेकऱ्याचे काम नाही.

उन्हाने थकलेला माणूस आणि उष्माघात झालेला माणूस वेगळा. बरळणे, तोल जाणे, अंग भाजल्यासारखे गरम: सावलीत आडवे, कपडे सैल, टँकरचे पाणी अंगभर ओतत पंखा घालणे, मान, काखा आणि जांघेत ओले पंचे, १०८. पाजण्याच्या नादात गार करणे राहून जाते. आणि तो मधुमेही असेल तर गार करता करता साखरही मोजा. घाटात नेमके हेच झाले नाही.

जे मुद्दाम काढले

डायक्लोफेनॅक. दुखणाऱ्या गुडघ्यांना ती हुकमी वाटते, म्हणून दिंडीत ती चणे-फुटाण्यांसारखी वाटली जाते. पाणी कमी पडलेले शरीर, वर रक्तदाबाच्या गोळ्या, त्यात ही. मूत्रपिंडावर तिहेरी भार येतो. शिवाय पोटातला रक्तस्राव. त्याजागी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दोन मात्रांत सहा तासांचे अंतर, दिवसात सहा गोळ्यांच्या वर नाही. तेही यकृताचा आजार असेल तर डॉक्टरला विचारून.

अँटिबायोटिक्स, झोपेच्या गोळ्या, सलाइनच्या बाटल्या नाहीत. सर्पदंशाची लसही नाही. ती शिरेतून द्यावी लागते, तिचीच तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, तिची जागा रुग्णालयात. पालात जमिनीवर झोपलेल्याला रात्री मण्यार चावली तर जखम शोधूनही सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात. असे दिसले की दंशाची खूण शोधत बसू नका, रुग्णालय गाठा. आवळून दोरी नाही, ब्लेड नाही, चोखणे नाही. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा, कारण सूज आली की निघत नाहीत; पाय लाकडासारखा स्थिर ठेवा आणि न चालवता उचलून न्या. विंचू चावला आणि घाम, उलट्या, हातपाय गार असे दिसले तरी तेच. लाल विंचवाच्या विषावर प्राझोसिनचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रूढ केला, पण ती गोळी डॉक्टरच्या हातातली.

स्वयंपाकाच्या ट्रकजवळ भाजण्याचे प्रसंग घडतात. तिथे औषध म्हणजे वीस मिनिटे वाहते साधे पाणी. टूथपेस्ट नाही, बर्फ नाही.

पेटी आणि वही

ट्रकमधल्या पेटीचे काम फक्त पाठपिशव्या रोज रात्री पुन्हा भरणे. रक्तदाबाचे यंत्रही तिथेच. गोळ्यांची पाकिटे कापून वाटू नका. तारीख एकाच टोकाला छापलेली असते, कापले की उरलेल्या तुकड्याची मुदत कळत नाही. आयोडीनची बाटली वेगळ्या झिपच्या पिशवीत, नाहीतर एका धक्क्यात सगळे गॉज तपकिरी होते.

वहीत पाच रकाने: वेळ, नाव, काय दिसले, काय दिले, कुणी दिले. घाटातल्या त्या टाळकऱ्याची नोंद असती, तर रात्रीच्या रुग्णालयाला तीन वाजताच एकदा साखर उतरली होती हे लगेच कळले असते. कुणालाही रुग्णालयात पाठवताना त्याच्या खिशातली चिठ्ठी आणि वहीतल्या ओळीची नक्कल बरोबर द्यायची.

पंढरपुरात द्वादशीला पारणे झाले की दोन्ही पिशव्या चादरीवर उलट्या करायच्या आणि मोजायचे. कागदी पट्टीची चौदा रिळे संपली आणि तिसऱ्याच मुक्कामाला आणखी आणावी लागली, तर पुढच्या वर्षी वीस. ग्लुकोजचे पाकीट न फोडता परत आले असेल तर ते घरी खाऊन संपवायचे आणि पुढच्या ज्येष्ठात नवे घ्यायचे.